गरोदरपणात पाणमोट (बाळाभोवतीची पाण्याची पिशवी) कमकुवत होऊ नये म्हणून व्हिटॅमिन सी-ईच्या गोळ्या घ्याव्यात का?

स्वतःहून नकोत. पाणमोटेची ताकद कोलॅजेन नावाच्या प्रथिनात असते आणि ते घट्ट विणायला सी लागतं. मेक्सिकोत 20 आठवड्यांनंतर रोज 100 मि.ग्रॅ. सी दिल्यावर वेळेआधी पाणमोट फुटण्याचं प्रमाण घटलं होतं. पण 1000 मि.ग्रॅ. सी आणि 400 युनिट ई एकत्र दिल्यावर एका मोठ्या चाचणीत ते उलट वाढलं! म्हणजे जास्त डोस जास्त चांगला, असं नाही.

एक मध्यम पेरू पुरतो. आवळा उकळून मोरावळा केला की बरंच सी जातं, म्हणून कच्चा किसून खा. मिश्री, तंबाखू बंदच. लघवीला जळजळ किंवा वास येणारं अंगावरून जाणं अंगावर काढू नका. जंतुसंसर्गानेही पाणमोट झिजते.

पॅड सतत ओलं होत असेल, तर तडक दवाखाना गाठा.