मुलांच्या वॉर्डात रडू आलं म्हणून

प्रश्न : सिस्टर, नमस्कार. मी बी.एस्सी. नर्सिंगच्या शेवटच्या वर्षाला आहे, गाव बीड जिल्ह्यातलं. मला लहान मुलं फार आवडतात आणि पुढे मुलांच्या नर्सिंगमध्येच जायचं आहे. पण एसएनसीयूच्या (आजारी नवजात बाळांच्या विशेष कक्षाच्या) पोस्टिंगमध्ये अकराशे ग्रॅमचं एक बाळ गेलं आणि मी सगळ्यांसमोर रडले. तिथल्या सिस्टर म्हणाल्या, "इतकं हळवं मन असेल तर हा वॉर्ड तुझ्यासाठी नाही." घरचे म्हणतात, मोठ्यांच्या आयसीयूचा अनुभव घे आणि परदेशात जा. काय करू?
– एक विद्यार्थिनी

उत्तर : बाळा, आधी रडण्याचंच बोलू. तुझ्या पत्रात तेच सगळ्यात जड आहे.

मी ३१ वर्षं मुलांच्या वॉर्डात काढली, त्यातली शेवटची ११ नवजात विभागात इन्चार्ज म्हणून. बाळ गेलं की सिस्टरचं काम संपत नाही. तोंडातली नळी काढायची. पायातलं इंट्राकॅथ, म्हणजे सलाइनची सुई, काढून कापसाचा बोळा दाबून धरायचा. गालावर चिकटपट्टीचा डिंक राहतो, तो कोमट पाण्याने हलक्या हाताने पुसायचा, कारण आई तोच गाल बघणार असते. मग टोपरं घालायचं, दुपट्यात गुंडाळायचं आणि आईच्या हातात द्यायचं. टेबलावर ठेवून "घेऊन जा" म्हणायचं नाही. हे करताना माझ्या डोळ्यांतून पाणी आलेलं कितीतरी बाळांच्या आयांनी पाहिलं आहे. एकीलाही ते खटकलं नाही. उलट त्यातली एक आई वर्षाने परत आली, दुसरं बाळ घेऊन, मला दाखवायला.

पण शेजारच्या वॉर्मरमधल्या (ऊब देणाऱ्या पाळण्यातल्या) बाळाचं दोन वाजताचं दूध दोन वाजताच गेलं पाहिजे. रडल्यानंतर तू काय केलंस, ते तू लिहिलं नाहीस. मला तेच विचारायचं आहे.

मुलं आवडतात, हे चांगलंच. पण या कामात ते पुरत नाही. हसरी, खेळणारी मुलं आपल्या वाट्याला शेवटच्या दिवशी येतात, डिस्चार्जच्या. त्याआधी आपण त्यांना टोचतो, धरून ठेवतो, आईपासून लांब नेतो. गणित तर सतत चालू. एकाच पाळीत माझ्याकडे ९०० ग्रॅमचं बाळ आणि ४० किलोचा शाळकरी मुलगा, दोघेही असत. मुलांचं औषध वजनावर ठरतं. एक किलोच्या बाळाच्या अंगात रक्त असतं जेमतेम ८० ते ९० मिली, चहाच्या कपापेक्षाही कमी. तपासणीला काढलेला प्रत्येक मिली मोजावा लागतो.

नोकरीच्या दुसऱ्या वर्षी, पहाटे तीनला, माझ्या हातून घडलेलं सांगते. जेंटामायसिन या जंतुसंसर्गावरच्या औषधाची २ मिलीची व्हायल (छोटी बाटली), मिलीला ४० मिलिग्रॅम. बाळाचा डोस ८ मिलिग्रॅम, म्हणजे ०.२ मिली. मी २ मिली भरलं. दसपट! मोठ्यांच्या वॉर्डात अख्खी व्हायल भरायची हाताची सवय होती, तीच इथे आली. द्यायच्या आधी सिरिंज डोळ्यांसमोर धरली आणि एवढ्याशा जिवासाठी ती फार भरलेली दिसली, म्हणून थांबले. सोबतच्या सिस्टरना दाखवलं. त्या रागावल्या नाहीत, वही पुढे केली आणि म्हणाल्या, "दोघी वेगवेगळा हिशेब करू, मग जुळवू." पुढे मी प्रत्येक नवीन मुलीला हेच करायला लावलं. एवढं कशाला, असं जिला वाटे, तिला मी औषधाच्या ट्रॉलीला हात लावू दिला नाही.

आणि आपला पेशंट बोलत नाही. त्याच्या वतीने आई बोलते, तिच्या शब्दांत. "पोट उडतंय" म्हणाली तर दुपटं उघडून छाती बघ आणि पूर्ण मिनिटभर श्वास मोज. दोन महिन्यांच्या आत मिनिटाला ६०, वर्षापर्यंत ५०, पाच वर्षांपर्यंत ४० किंवा जास्त भरले, तर तो जलद श्वास. गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांनी गावातल्या बायकांना नवजात बाळाची घरीच काळजी घ्यायला शिकवलं, त्यात हे श्वास मोजणंही होतं. तिथले बालमृत्यू किती घटले ते १९९९ मध्ये 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात छापून आलं आणि जगाने पाहिलं. तेव्हा मोजणं हलकं काम समजू नकोस. एकदा राउंड संपल्यावर एक आई म्हणाली, "आज हा अंगावर पीत नाही, नुसता पडून आहे." मॉनिटरवर सगळं ठीक होतं. तरी साखर तपासली, तर ती खूप खाली गेलेली.

आता शिक्षणाचं. लगेच एम.एस्सी.च्या मागे लागू नकोस. दोन वर्षांच्या त्या अभ्यासक्रमात चाइल्ड हेल्थ नर्सिंग हा विषय घेता येतो, पण त्यातून बहुतेक जणी शिकवण्याकडे जातात. तुला बाळाजवळच राहायचं असेल, तर नवजात परिचर्येचा एक वर्षाचा पोस्ट बेसिक डिप्लोमा बघ. त्याआधी वर्षभर तरी जिथे खूप मुलं येतात अशा ठिकाणी काम कर. परळचं बाई जेरबाई वाडिया रुग्णालय १९२९ पासून मुलांचंच आहे. तुमच्या भागातला जिल्हा रुग्णालयाचा एसएनसीयूही पुष्कळ शिकवतो. सरकारी नोकरीत वॉर्ड बदलतात, हे आधीच लक्षात ठेव. हाडांच्या वॉर्डात गेलीस तरी तक्रार न करता कर आणि मुलांचा वॉर्ड परत मागत राहा.

परदेशाचं घरच्यांना सांग, की इंग्लंडमध्ये मुलांच्या नर्सची नोंदणीच वेगळी असते. म्हणजे या कामाला तिथे स्वतंत्र मान आहे. पण जायचंच म्हणून वॉर्ड निवडू नकोस.

आणि त्या दिवशी शेजारच्या बाळाचं दूध कोणी दिलं, किती वाजता, ते मला कळव.