पायथन कोडमध्ये इंडेंटेशनसाठी टॅब वापरावा की स्पेस?

इंडेंटेशनसाठी, म्हणजे ओळ आत सरकवायला, तुमच्या टीममध्ये निम्मे जण टॅबवाले, निम्मे स्पेसवाले, आणि नियम तुम्हाला ठरवायचाय. पायथन आहे ना? मग चार स्पेस. पेप ८ (पायथन कोड कसा लिहावा याची अधिकृत नियमावली) तेच सांगतो, वाद घालत बसू नका. स्पेसबार चारदा बडवावा लागत नाही. टॅबचंच बटण दाबायचं, एडिटर चार स्पेस टाकतो.

खरं तर मी मनाने टॅबवाला. टॅब हे एकच अक्षर, अर्थ एवढाच की 'एक पायरी आत'. ती पायरी दोन घरांची दिसावी की आठ, हे ज्याचं त्याने आपल्या एडिटरमध्ये ठरवावं. नजर अधू असलेला माणूस अक्षरं मोठी करून वाचतो, त्याला ही सोय फार उपयोगी पडते. ब्रेल डिस्प्लेवर तर चार स्पेस म्हणजे चार घरं फुकट गेली.

तरी पायथनमध्ये मुकाट्याने स्पेस वापरतो, कारण एकदा पोळलोय. पायथन २ च्या काळात बिलांची बेरीज करणारी एक स्क्रिप्ट माझ्याकडे आली. लूपच्या आत चार स्पेसवर 'इफ', त्याच्या आत आठ स्पेसवर एक ओळ, आणि त्याखाली बेरजेची ओळ, कुणीतरी टॅब मारून लिहिलेली. माझ्या एडिटरमध्ये टॅब चार घरांचा, त्यामुळे ती ओळ 'इफ'च्या बरोबर खाली, म्हणजे त्याच्या बाहेर दिसायची. पायथन २ मात्र टॅब आठ घरांचा धरायचा! त्याच्या हिशेबी ती ओळ 'इफ'च्या आत. बेरीज कमी येत होती, एरर एकही नाही. अख्खी दुपार त्यात गेली. शेवटी अदृश्य अक्षरं दाखवायचा पर्याय चालू केला, तेव्हा सगळीकडे ठिपके आणि त्या एका ओळीत बाण. पायथन ३ अशा ठिकाणी सरळ टॅबएरर देऊन थांबतो.

बाकी भाषांचं शास्त्र वेगळं. गो भाषेत तिचा स्वतःचा फॉरमॅटर, गोएफएमटी, टॅबच घालतो. लिनक्स कर्नलमध्येही टॅब, तोही आठ घरांचा. यॅमलमध्ये (सेटिंग लिहायच्या फाइल्सचा एक प्रकार) इंडेंटेशनला टॅब चालत नाही, तर मेकफाइलमध्ये, म्हणजे प्रोग्राम बांधणाऱ्या 'मेक'च्या फाइलमध्ये, कमांडच्या ओळीआधी टॅबच लागतो. मेक लिहिणाऱ्या स्टुअर्ट फेल्डमननी नंतर सांगितलंय की चूक लक्षात आली तोवर डझनभर लोक ते वापरायला लागले होते, त्यांना त्रास नको म्हणून तसंच ठेवलं. ते डझनभर लोक सुखी झाले, आपण अजून भोगतोय.

तुम्ही एडिटरकॉन्फिगची फाइल (सगळ्यांच्या एडिटरला एकच सेटिंग देणारी) रेपोत ठेवा आणि ब्लॅकसारखा फॉरमॅटर, म्हणजे कोड आपोआप नीट मांडणारा प्रोग्राम, कमिटच्या आधी आपोआप चालू द्या, म्हणजे कुणाला टोकावं लागणार नाही. जुना कोड बदलाल तो वेगळ्या कमिटमध्ये, त्यात दुसरं काही घुसडू नका. आणि त्या कमिटचा हॅश (त्याचा ओळख-क्रमांक) गिट ब्लेमच्या, म्हणजे कुठली ओळ शेवटी कुणी बदलली ते दाखवणाऱ्या कमांडच्या, 'इग्नोअर' यादीत टाका, नाहीतर बदललेल्या प्रत्येक ओळीपुढे तुमचं नाव दिसेल आणि लोक दुसऱ्यांच्या बगबद्दल तुम्हाला फोन करतील.