लावायला विसरलो, लावल्याचं विसरलो

मुरुडला, म्हणजे जंजिऱ्याच्या नव्हे, दापोलीजवळच्या मुरुडला, आपल्या वाडीतच पाहुण्यांची राहायची सोय करणाऱ्या एका गृहस्थांनी विचारलं आहे: ‘पाहुणे गेट उघडं टाकून किनाऱ्यावर जातात. मोकाट गुरं आत शिरतात आणि पोफळीची कोवळी रोपं खातात. म्हणून इंग्रजीत पाटी करायची आहे. मी लिहिलं, “प्लीज रिमेंबर क्लोजिंग द गेट.” मुलगी म्हणते, “रिमेंबर टू क्लोज” हवं. आता “रिमेंबर क्लोजिंग” असं मी पुस्तकांत वाचलेलं आहे. मग चूक कुठे? आणि पाटीच्या शेवटी “वी लुक फॉरवर्ड टू सी यू अगेन” घातलंय, ते तरी ठीक आहे ना?’

पहिल्या ओळीपुरतं मुलीचं बरोबर आहे. पण तुम्ही वाचलेलं ‘रिमेंबर क्लोजिंग’ही अस्सल इंग्रजीच आहे. फक्त त्याचा अर्थ तुमच्या पाटीला उपयोगी नाही. ‘रिमेंबर टू क्लोज द गेट’ म्हणजे ‘गेट लावायचं लक्षात ठेवा’. ‘रिमेंबर क्लोजिंग द गेट’ म्हणजे ‘गेट लावल्याचं आठवा’. पहिल्या पाटीने पाहुण्याचा हात कडीकडे जाईल. दुसरी वाचून तो जागीच उभा राहील आणि आपण ते कधी लावलं होतं, हे आठवू लागेल. तोवर गुरं आत.

इथे कुठली गोष्ट आधी घडते, ते बघायचं. ३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळ श्रीवर्धनच्या बाजूला किनाऱ्यावर आलं आणि दापोली तालुक्यातल्या वाड्याही त्याने झोडपल्या. त्या दिवसाबद्दल कुणी म्हणालं, ‘आय रिमेम्बर्ड टू शट द विंडोज’, तर ऐन वेळी खिडक्यांची आठवण झाली आणि म्हणून त्या लावल्या गेल्या. आधी आठवण, मग कृती. तोच माणूस आज म्हणाला, ‘आय रिमेंबर शटिंग द विंडोज’, तर खिडक्या तेव्हाच लावून झाल्या होत्या, आठवण आजची आहे. आधी कृती, मग आठवण. खिडक्या दोन्ही वाक्यांत लागल्याच, म्हणून फरक चटकन दिसत नाही. नकार घातला की दिसतो. ‘आय डिडन्ट रिमेंबर टू शट देम’ म्हटलं की खिडक्या उघड्या राहिल्या. ‘आय डोन्ट रिमेंबर शटिंग देम’ म्हटलं तर लावल्याही असतील, फक्त आठवत नाही.

शाळेत आपल्याला याचे तक्ते पाठ करायला लावतात: या क्रियापदापुढे टू, त्या क्रियापदापुढे इंग, आणि या पाच-सहांपुढे दोन्ही पण अर्थ वेगळा. मला हे कधीच पटलेलं नाही. ज्याची भाषा मराठी आहे त्याच्याकडे हा फरक लहानपणापासून असतो. ‘दार लावायला विसरलो’ आणि ‘दार लावल्याचं विसरलो’ यांत गल्लत करणारं पोर शोधून सापडणार नाही. पहिल्यात दार उघडंच आहे, दुसऱ्यात ते बंद आहे आणि आपण उगाच परत फिरलो आहोत. इंग्रजी ‘फर्गेट’ची वाटणी नेमकी हीच: ‘फर्गेट टू लॉक’ म्हणजे लावायला विसरणं, ‘फर्गेट लॉकिंग’ म्हणजे लावल्याचं विसरणं. एवढंच की, ‘फर्गेट’पुढे इंग बहुतेक नकारातच येतं. ‘आय विल नेव्हर फर्गेट सीइंग द डॉल्फिन्स’, डॉल्फिन पाहिल्याचं मी कधी विसरणार नाही. तुमच्या अभिप्रायवहीत हे वाक्य एव्हाना दोन-चार वेळा आलं असेल.

‘आठवणं’ मात्र मराठीत फुटतं, आणि तुमची चूक तिथूनच आली असावी. पुढचं काम असेल तर आपण ‘लक्षात ठेव’ म्हणतो, मागचं असेल तर ‘आठवतं का’ म्हणतो. इंग्रजीत दोन्हींना ‘रिमेंबर’ हा एकच शब्द पुरतो, त्यामुळे मराठीत क्रियापदाने उचललेलं ओझं तिथे टू आणि इंगवर पडतं.

आता ‘स्टॉप’. १ जूनला मासेमारीबंदी लागते आणि हर्णे बंदरातल्या बोटी किनाऱ्याला येतात. ‘द बोट्स स्टॉप्ड फिशिंग’ म्हणजे बोटी मासे मारायच्या थांबल्या. ‘द बोट्स स्टॉप्ड टू फिश’ म्हणजे बोटी चालल्या होत्या, त्या मासे मारायला थांबल्या. एक वाक्य बंदी पाळतं, दुसरं मोडतं. आणि मराठीत हा सगळा फरक ‘मारायच्या’ आणि ‘मारायला’ यांच्या शेवटच्या अक्षरात सामावला आहे! ‘पाऊस पडायचा थांबला’ आपण म्हणतो. ‘पाऊस पडायला थांबला’ म्हणत नाही, कारण पाऊस कशासाठी तरी थांबत नसतो. तरीही ‘इट स्टॉप्ड टू रेन’ हे वाक्य मुलांच्या वह्यांत दर पावसाळ्यात सापडतं. तिथे लाल रेघ मारण्यापेक्षा ‘पडायचा की पडायला?’ एवढं विचारावं. मूल स्वतःच ‘रेनिंग’ लिहितं.

हे जुळणं वरवरचं नाही, म्हणून जरा थांबून सांगतो. इंग्रजीतला हा ‘टू’ मुळात दिशा दाखवणारा शब्द आहे, ‘टू द मार्केट’मधला, बाजाराकडे नेणारा. हजारेक वर्षांपूर्वीच्या जुन्या इंग्रजीत तो क्रियापदाच्या चतुर्थीसारख्या एका रूपाआधी यायचा. पुढे त्या रूपाचे प्रत्यय झिजून गेले आणि टू तेवढा मागे राहिला. आपलं ‘करायला’ बघा: करावयास, करायास, करायला. शेवटी बसलेला ‘स’ किंवा ‘ला’ हा ‘घरास’, ‘घराला’मधलाच. बाजाराला जातो तसा माणूस करायला जातो. तळकोकणात उतरलात की मालवणीत ‘करूक’, ‘जावक’ ऐकू येतं, आणि तिथे नामांनाही ‘घराक’, ‘माका’ असा क लागतो. इंग मात्र दुसऱ्या कुळातलं. ते क्रियापदाचं नाम बनवणाऱ्या जुन्या प्रत्ययातून आलं, आपल्या ‘पोहणं’, ‘उठणं’मधल्या ‘णं’सारखं. म्हणून टूमध्ये अजून घडायच्या गोष्टीकडे निघालेलं पाऊल आहे, आणि इंगमध्ये कृती वस्तूसारखी समोर ठेवलेली आहे. ती झालेली की चालू, हे इंग स्वतः सांगत नाही, ते आधीच्या क्रियापदावरून कळतं. ‘स्टॉप’पुढे ती चालू असते, ‘रिमेंबर’पुढे होऊन गेलेली. मराठी इथे अधिक काटेकोर आहे: चालू असेल तर ‘मारायच्या थांबल्या’, होऊन गेली असेल तर ‘मारल्याचं आठवतं’.

‘ट्राय’चं उदाहरण तुमच्या विहिरीवरचं घेऊ. पंप पाणी ओढत नाही. शेजारी म्हणाला, ‘ट्राय क्लीनिंग द फूटव्हॉल्व्ह’, तर त्याचा अर्थ ‘फूटव्हॉल्व्ह, म्हणजे पाइपच्या तळाची झडप, साफ करून बघा’. साफ करणं तुमच्या हातातलं आहे, पाणी येईल की नाही हा प्रश्न. ‘ट्राय टू क्लीन’ म्हणाला असता तर साफ करणंच अवघड आहे, जमतंय का बघा. ‘करून बघणं’ आणि ‘करायला बघणं’. सोलकढी आपण ‘पिऊन बघा’ म्हणतो, आणि गडग्यावरून उडी टाकणारं वासरू ‘आत घुसायला बघतंय’ म्हणतो. दोन्हीकडे ‘बघणं’च.

माझं सगळ्यांत आवडतं क्रियापद ‘मीन’. ‘आय मीन टू लीव्ह अर्ली’, लवकर निघायचं म्हणतोय. ‘कॅचिंग द फर्स्ट बस मीन्स गेटिंग अप ॲट फोर’, पहिली एसटी पकडायची म्हणजे चारला उठणं आलं. टू आला की ‘म्हणतोय’, इंग आलं की ‘म्हणजे’. एकाच ‘म्हणणे’ धातूची ही दोन रूपं एकाच इंग्रजी क्रियापदाच्या दोन अर्थांवर अशी नेमकी बसावीत, याचा आनंद मला अजून ओसरलेला नाही.

बाकीची पटापट. ‘वी रिग्रेट टू इन्फॉर्म यू’ म्हणजे कळवायला वाईट वाटतं. खोली देता येत नसेल तर हेच लिहा. ‘वी रिग्रेट इन्फॉर्मिंग यू’ लिहिलंत तर ‘तुम्हाला कळवल्याचा पश्चात्ताप होतो’ असं होईल आणि पाहुणा दुखावेल. ‘गो ऑन’साठी तुमच्या मुरुडचेच महर्षी कर्वे आठवा. ते १८९१ पासून फर्ग्युसन कॉलेजात गणित शिकवत होते. ‘ही वेंट ऑन टीचिंग’ म्हणजे शिकवतच राहिले. ‘ही वेंट ऑन टू फाउंड अ युनिव्हर्सिटी’ म्हणजे पुढे त्यांनी विद्यापीठ काढलं, १९१६ साली, स्त्रियांसाठी.

या किल्लीने सगळी कुलुपं उघडत नाहीत, हेही सांगितलं पाहिजे. ‘सजेस्ट’ आणि ‘कन्सिडर’ यांत गोष्ट अजून घडायची असते, तरी त्यांच्यापुढे इंगच येतं. ‘एंजॉय’, ‘अव्हॉइड’ यांनाही टू चालत नाही, आणि ‘वॉन्ट’, ‘होप’ यांना इंग चालत नाही. तिथे अर्थ बदलण्याचा प्रश्नच नसतो, वापर तेवढा अंगवळणी पाडायचा. मराठीला कौल लावायचा तो दोन्ही रूपं चालतात आणि अर्थ दोन होतात, अशा मूठभर क्रियापदांपुरता.

राहिली पाटीची शेवटची ओळ. तिथे टू दिसला म्हणून तुम्ही पुढे ‘सी’ लिहिलंत, पण हा टू वेगळा आहे. तो ‘लुक फॉरवर्ड’ला चिकटलेला, बाजाराकडे नेणारा जुनाच टू. ओळखायचा कसा? त्याच्यापुढे एखादं नाम ठेवून बघा. ‘वी लुक फॉरवर्ड टू द मँगो सीझन’ चालतं. ‘रिमेंबर टू द गेट’ चालत नाही. जिथे नाम बसतं तिथे क्रियापदही नाम होऊनच येतं, म्हणजे इंग लावून. मराठीत तुम्ही पाहुण्यांना निरोप देताना ‘परत यायला वाट बघतो’ म्हणत नाही, ‘परत येण्याची वाट बघतो’ म्हणता. तेव्हा रंगाऱ्याला पाटी देण्याआधी वर ‘टू क्लोज’ करा आणि खाली ‘टू सीइंग यू अगेन’.