कांद्याचे मूळ आणि न सापडणारा मेटाफेज

प्रश्न : मी बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला आहे. कांद्याच्या मुळाची मायटोसिसची (पेशीविभाजनाची) स्लाइड करते तेव्हा पेशी थरावर थर दिसतात, गुणसूत्रे फिकट येतात आणि मेटाफेज (गुणसूत्रे पेशीच्या मध्यावर रांगेत येतात तो टप्पा) तर सापडतच नाही. काय चुकते?

उत्तर : मेटाफेज न सापडण्याचे कारण बहुधा ब्लेडपाशी असते : तुकडा चुकीचा कापला जातो. विभाजन होते ते मूळटोपीच्या (मुळाच्या टोकावरच्या संरक्षक आवरणाच्या) लगेच मागे, टोकाच्या एक-दोन मिलिमीटरमध्ये. त्यामागच्या लांबट पेशी वाढत असतात, विभागत नाहीत. अर्धा सेंटिमीटर तुकडा ठेचलात तर याच पेशींची गर्दी होते. रंग दिल्यावर टोक जास्त गडद दिसते. तेवढेच ठेवा, बाकीचे निर्धास्त टाकून द्या.

मुळे पांढरी, ताजी, दीड-दोन सेंटिमीटरची घ्या आणि सकाळीच पेशी आहेत तशा स्थिर करणाऱ्या कार्नॉय द्रावणात (तीन भाग अल्कोहोल, एक भाग ग्लेशियल अॅसिटिक आम्ल) 24 तास ठेवा. हे द्रावण आयत्या वेळी बनवा, कारण ठेवल्यावर आम्ल आणि अल्कोहोल यांचे एस्टर होते. नंतर मुळे 70 टक्के अल्कोहोलमध्ये टिकतात.

थर पडतात ते पेशींना एकमेकींशी चिकटवणारे पेक्टिन न सुटल्यामुळे. 1 नॉर्मल हायड्रोक्लोरिक आम्लात, 60 अंश सेल्सिअसला, 5 ते 10 मिनिटे ठेवा. घड्याळ लावाच! वेळ कमी पडली तर पेशी सुटत नाहीत, जास्त झाली तर डीएनएच निघून जातो आणि गुणसूत्रे फिकट पडतात. आम्ल धुऊन मगच अॅसिटोकार्मिन (गुणसूत्रे रंगवणारा लाल रंग) घाला. रंग तरीही कमी वाटला तर थेंबात लोखंडी सुई फिरवा. लोहामुळे कार्मिन गडद होते. स्लाइड फक्त कोमट करा, रंग उकळू देऊ नका.

शेवटी कव्हरस्लिपवर टिपकागद ठेवून अंगठ्याने सरळ खाली दाबा. अंगठा जरा सरकला की पेशी गुंडाळल्या जातात, आणि इतका वेळ केलेली मेहनत वाया जाते.

प्रश्न : मायटोटिक इंडेक्ससाठी (एकूण पेशींपैकी विभागणाऱ्या पेशींचे प्रमाण) किती पेशी मोजाव्यात?

उत्तर : निदान 500, आणि त्याही चार-पाच वेगवेगळ्या दृश्यक्षेत्रांतून. विभागणाऱ्या पेशी 40 निघाल्या तर इंडेक्स 8 टक्के. सुंदर दिसणारे क्षेत्र निवडून मोजू नका, आकडा फुगतो. सर्वांत जास्त घोळ प्रोफेजच्या (विभाजनाच्या पहिल्या टप्प्याच्या) सुरुवातीला होतो : गुणसूत्रांचे धागे स्वतंत्र दिसले तरच प्रोफेज धरायचा, असे आधी ठरवा आणि सर्व स्लाइडना तोच नियम लावा.