संशोधनाचे अहवाल सरकारमध्ये कुणी वाचतं का?

तुम्ही विचारलंय, एवढं संशोधन होतं, अहवाल येतात, पण धोरण ठरवताना ते सरकारमध्ये कुणी वाचतं का? मी मंत्रालयातून कक्ष अधिकारी म्हणून निवृत्त झाले. वाचतात हो. फक्त अख्खा अहवाल नव्हे, त्यावरची दीड पानी टिपणी. अशा टिपण्या लिहिण्यात माझी बरीच वर्षं गेली.

संशोधक सांगतो की अमुक उपाय लागू पडतो. फाईलवर वरून शेरा येतो तो भलताच : करणार कोण? खर्च कुठल्या लेखाशीर्षातून, म्हणजे अर्थसंकल्पातल्या कुठल्या खात्यातून? वित्त विभागाची सहमती घेतली का? अहवालात याची उत्तरं नसतील तर फाईल ‘चर्चा करावी’वर जाते आणि ती चर्चा कधीच होत नाही.

उत्तरं आधीच असलेला एक अभ्यास इथलाच आहे. गर्भाशयमुखाच्या कर्करोगासाठी पॅप चाचणी करायची तर प्रयोगशाळा हवी, तज्ज्ञ हवा. टाटा मेमोरियलच्या डॉक्टरांनी १९९८ पासून मुंबईच्या झोपडपट्ट्यांत व्हिनेगर वापरून साध्या डोळ्यांनी तपासणी करून पाहिली. तपासणाऱ्या होत्या दहावी शिकलेल्या, काही आठवडे प्रशिक्षण घेतलेल्या बायका. सुमारे दीड लाख स्त्रिया, त्यातल्या निम्म्यांची दर दोन वर्षांनी तपासणी, आणि बारा वर्षांनी त्या गटात या कर्करोगाने होणारे मृत्यू ३१ टक्के कमी. दुसऱ्या गटाची तशी तपासणी झाली नाही म्हणून टीकाही झाली, ती मला पटते. पण ‘करणार कोण’ हे त्या अभ्यासातच होतं. २०१६ साली केंद्राने ३० ते ६५ वयाच्या स्त्रियांसाठी दर पाच वर्षांनी हीच तपासणी करायचं मार्गदर्शन काढलं. कागदावर आलं म्हणजे गावातल्या आरोग्य उपकेंद्रात झालं असं नाही, तो वेगळाच विषय.

उलट उदाहरण ब्रिमस्टोवॅडचं. मुंबईतल्या पावसाच्या पाण्याच्या निचऱ्यावरचा हा अहवाल १९९३ मध्ये आला. जुनी गटारं ताशी २५ मिलिमीटर पावसाच्या हिशेबाची, ती ५० ची करा, पंपिंग स्टेशनं बांधा, असं त्यात होतं. विज्ञान चोख होतं. पण पैसा मोठा होता आणि नाल्याकाठची बांधकामं हलवायला कुणाला हवी होती? अहवाल पडून राहिला. मग २६ जुलै २००५ आला, सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिलिमीटर. पुराची कारणं शोधायला चितळे समिती बसली, आणि २००७ मध्ये केंद्राने त्याच जुन्या अहवालातल्या कामांसाठी सुमारे १,२०० कोटी मंजूर केले. खरं सांगायचं तर ती कामं आधी झाली असती तरी त्या दिवशी शहर बुडालंच असतं, एवढा पाऊस ५० च्या हिशेबातही बसत नाही. एरवीचे तुंबलेले पावसाळे मात्र कमी झाले असते.

तेव्हा तुम्ही संशोधन करत असाल तर आपत्तीची वाट बघू नका, पण ती आली की तुमची दोन पानं तयार असू द्या. अधिवेशनाच्या तोंडावर, तारांकित प्रश्न (मंत्र्यांनी सभागृहात तोंडी उत्तर द्यायचा) आलेला असताना, आम्ही कक्षातली माणसं हाताला येईल तो आकडा उचलतो. तो तुमचा असला तर बरं.

२६ जुलैचा पावसाचा आकडाच बघा ना. मुंबईत हवामान खात्याच्या वेधशाळा तेव्हा दोनच, कुलाबा आणि सांताक्रूझ. कुलाब्याला दिवसभरात ७३ मिलिमीटर. मंत्रालयाच्या खिडकीतून दिसत होता तो साधा पाऊस, म्हणून आम्ही निवांत निघालो आणि मी दुसऱ्या दिवशी सकाळी कुर्ल्याला घरी पोचले. नंतर महापालिकेने शहरभर पर्जन्यमापक बसवले. आता सून ऑफिसातून निघण्याआधी कुर्ल्याचा पाऊस मोबाईलवर बघते.