निर्दोष माणसं वर्षानुवर्षे तुरुंगात राहतात आणि खरे गुन्हेगार सुटतात, यात वकिलांचा दोष किती?

बराच आहे. पण लोक जिथे बोट ठेवतात तिथे तो नाही.

मी नाशिकच्या जिल्हा न्यायालयात फौजदारी बाजूची वकिली करतो. ‘असल्या माणसाचं वकीलपत्र घेताना लाज नाही वाटत?’ हा प्रश्न घरच्या लग्नकार्यातही ऐकावा लागतो. नाही वाटत. अटक झालेल्या माणसाला वकिलाचा हक्क संविधानाच्या कलम 22 ने दिलाय. अमुक आरोपीची बाजू कुणी मांडायची नाही, असे बार असोसिएशनचे ठराव बेकायदा आहेत, हे सर्वोच्च न्यायालयाने 2010 मध्येच सांगून टाकलंय. आरोपीसाठी वकील जीव तोडून भांडला म्हणून अन्याय वाढत नाही. तो भांडलाच नाही, म्हणून वाढतो.

हे रोज कसं घडतं ते सांगतो. पेठ-सुरगाण्याकडचा विशीतला पोरगा, सातपूरला बिगारी कामाला आलेला, मोटारसायकल चोरीच्या संशयात उचलला जातो. पीसीआर (पोलीस कोठडी) संपतो, एमसीआर (न्यायालयीन कोठडी) होतो, पोरगा नाशिकरोड जेलला. आई एसटीने सीबीएस बसस्थानकावर उतरते, कोर्टाच्या आवारात कुणाच्या तरी ओळखीचा वकील गाठते, फी ठरते, हातात असतील तेवढे पैसे देते. वकील वकीलपत्रावर सही घेतो आणि पुढची तारीख सांगतो. जेलमध्ये जाऊन पोराला भेटत नाही. तारखेला पोरगा व्हीसीच्या (व्हिडिओ कॉन्फरन्सिंगच्या) पडद्यावर दिसतो, नाव विचारलं जातं, पुढची तारीख पडते. आपला वकील कोण हेही त्याला माहीत नसतं.

चोरीला तीन वर्षांपर्यंत शिक्षा. अशा गुन्ह्यात 60 दिवसांत दोषारोपपत्र (चार्जशीट) आलं नाही, तर जामीन हा हक्क होतो. पूर्वी हे जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम 167(2) मध्ये होतं, 1 जुलै 2024 पासून भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या 187(3) मध्ये आहे. आरोपी जामीन द्यायला तयार असेल तर मॅजिस्ट्रेटला नाही म्हणायला जागाच नाही. पण मागावं लागतं. मागायच्या आधी पोलिसांनी दोषारोपपत्र दाखल केलं की हक्क गेला. राकेशकुमार पॉल खटल्यात 2017 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तर तोंडी मागितलं तरी चालेल म्हटलंय. म्हणजे उभं राहून एक वाक्य बोलायचं. ते बोलायला दिवस मोजणारा वकील हवा. त्या आईकडे तो नसतो आणि दिवस मोजायचे असतात हे तिला कुणी सांगितलेलंही नसतं.

मग काही महिन्यांनी तोच वकील सल्ला देतो, ‘गुन्हा कबूल करून टाक, भोगलेल्या दिवसांवर सुटशील.’ मला सगळ्यात जास्त संताप या सल्ल्याचा येतो. पोरगा सुटतो, आई पाया पडते, फाइल बंद होते. पण त्याच्या नावावर शिक्षा लागली, हे त्याला कुणी समजावून सांगत नाही. पुढच्या वेळी त्या भागात गाडी चोरीला गेली की पहिला तोच उचलला जातो. शिवाय नव्या संहितेच्या कलम 479 प्रमाणे, पूर्वी कधीच शिक्षा न झालेला कच्चा कैदी (ज्याचा खटला अजून संपलेला नाही तो) कमाल शिक्षेच्या एक तृतीयांश काळ आत राहिला की सुटायला हवा. चोरीत म्हणजे वर्षभरात. आधी शिक्षा लागलेली असेल तर ही सवलत नाही, निम्मा काळ काढावा लागतो, म्हणजे निदान दीड वर्ष. कबुलीचा सल्ला देणाऱ्याने त्या पोराचे पुढचे निदान सहा महिनेही आजच घालवले.

सरकारी वकिलांची जबाबदारी तर याहून मोठी. निर्दोषाला शिक्षा होईल अशा रीतीने खटला चालवू नये, आरोपीच्या बाजूचा पुरावा दडवू नये, हे बार कौन्सिलच्या नियमांतच लिहिलंय. आपल्याच महाराष्ट्रात भटक्या जमातीच्या सहा जणांना 2006 मध्ये फाशी सुनावली गेली, 2009 मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही सहाही जणांना फाशीच सुनावली. 5 मार्च 2019 ला त्याच न्यायालयाने सहाही जणांना निर्दोष सोडलं. घटना डोळ्यांनी पाहिलेल्या साक्षीदाराने सुरुवातीलाच पोलिसांकडच्या फोटोंमधून वेगळेच चार जण ओळखले होते आणि त्यांचा तपासच झाला नव्हता. आयुष्यातली सोळा वर्षं गेली, भरपाई प्रत्येकी 5 लाख. यात पोलिसांवर ठपका आला तो योग्यच. पण ती कागदपत्रं ज्या ज्या वकिलांच्या हातांतून गेली, त्यांना कुणी काही विचारलं का?

तारखांबद्दल थोडक्यात. साक्षीदार मजुरी बुडवून इगतपुरीहून येतो आणि वकील दुसऱ्या कोर्टात आहेत म्हणून परत जातो. दोन-तीनदा असं झालं की तो यायचाच बंद होतो, आणि मग खरा गुन्हेगार सुटतो. तुमच्या प्रश्नाचा दुसरा अर्धा भाग तो हाच. कोर्टांवर भार आहे, न्यायाधीश कमी आहेत, सगळं मान्य. पण पुढची तारीख मागणारा अर्ज बहुतेक वेळा आमच्याच सहीचा असतो. वकिलांना संपाचा हक्क नाही हे सर्वोच्च न्यायालयाने 2002 मध्ये सांगून झालंय, तरी कामकाजापासून अलिप्त राहण्याचे ठराव होतच असतात.

तुमचं कुणी आत असेल तर आधी एवढं करा. कोठडीतल्या माणसाला उत्पन्न न बघता सरकारी खर्चाने वकील मिळतो. जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाचं कार्यालय कोर्टातच असतं, फोन 15100. लोकअभिरक्षक कार्यालयाचे, म्हणजे प्राधिकरणानेच आरोपींच्या बचावासाठी नेमलेले, वकील पूर्णवेळ हेच काम करतात. फुकटचा वकील म्हणजे कामचुकार, असं धरून चालू नका. जामीन होऊनही जामीनदार मिळत नसेल, तर तेही त्यांना लेखी कळवा. खाजगी वकील केला असेल तर तिघांना तीन गोष्टी विचारा: वकिलाला, साठावा किंवा (गंभीर गुन्ह्यात) नव्वदावा दिवस कधी; कैद्याला, वकील भेटून गेले का; कोर्टातल्या लिपिकाला, मागच्या तारखेला कोण हजर होतं. फसवणूक झाली असेल तर अधिवक्ता अधिनियम 1961 च्या कलम 35 खाली बार कौन्सिल ऑफ महाराष्ट्र अँड गोवाकडे तक्रार करता येते. वकीलपत्राची, पावतीची आणि रोजनाम्याची (कोर्टाच्या तारीखवार नोंदीची) प्रत सोबत जोडा.