आरोग्य, शिक्षण यांवरील सरकारी खर्च संसदेच्या समित्या ठरवतात का?

थेट ठरवत नाहीत. राज्यघटनेच्या अनुच्छेद ११३ नुसार अनुदानाची मागणी, म्हणजे मंत्रालयाच्या खर्चासाठी लोकसभेकडे मागितलेली रक्कम, राष्ट्रपतींच्या शिफारशीशिवाय मांडता येत नाही, आणि लोकसभा ती मंजूर करू शकते, नाकारू शकते किंवा कमी करू शकते. वाढवू मात्र शकत नाही. समित्यांचे काम या मर्यादेतच चालते.

१९९३ पासून विभागांशी संलग्न स्थायी समित्या अस्तित्वात आहेत. पुढे त्यांची संख्या २४ झाली. प्रत्येकीत लोकसभेचे २१ आणि राज्यसभेचे १० सदस्य असतात. अर्थसंकल्प मांडल्यानंतर अधिवेशनाला मध्यंतर मिळते, आणि त्या काळात समिती मंत्रालयाच्या सचिवांना बोलावून मागील वर्षी मंजूर झालेली रक्कम का खर्च झाली नाही, रिक्त पदे का भरली नाहीत, मागितलेल्यापेक्षा कमी निधी मिळाल्याने कोणती योजना रखडली, असे प्रश्न विचारते. अहवालातील शिफारशी सरकारवर बंधनकारक नसतात. तरीही त्यांवर काय केले, हे मंत्रालयाला कळवावे लागते.

माझ्या मते या समित्यांचे खरे महत्त्व वेगळ्याच कारणाने आहे. सभागृहात वेळेअभावी बहुतेक मंत्रालयांच्या मागण्या चर्चेविनाच एकत्र मतास टाकल्या जातात, ज्याला ‘गिलोटिन’ म्हणतात. अशा वेळी एखाद्या आरोग्य योजनेच्या तरतुदीची बारकाईने छाननी होण्याची जागा समितीची खोली हीच उरते. खर्च झाल्यानंतरचा हिशेब महालेखापरीक्षकांच्या अहवालांच्या आधारे लोकलेखा समिती तपासते.